दुधाचा पंप, फ्रिजचा कंप्रेसर आणि एकोणपन्नास गोट्या

मंडळी, गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या वहिनींच्या दारातून टोमॅटोच्या रोपांचे चाळीस ट्रे परत गेले. म्हणजे गिऱ्हाईक टेम्पो घेऊन आले, ट्रे पाहिले आणि रिकाम्या टेम्पोने माघारी गेले. रोपांना रोग नव्हता, कीड नव्हती. पण एका ट्रेमध्ये एक रोप बोटभर आणि शेजारचे नुकते डोके वर काढलेले. "असली थोरली-धाकटी रोपं एका सरीत लावली तर तोडणी तरी एकदम कशी यायची?" असे तो माणूस म्हणाला, आणि त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही.

दादा गेल्यापासून वहिनींनी हिरव्या जाळीखालची ही रोपवाटिका आपल्या हिमतीवर चालवली आहे. बियाणे महाग. एका कपात एकच बी. कोकोपीट भरायचे, बोटाने खळगा करायचा, बी टाकायचे, वरून झाकायचे. टोमॅटो-मिरचीचे बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पडावे एवढे सगळ्यांना ठाऊक असते. पण कामाला चार बायका, त्यांची बोटे चार तऱ्हेची. एकीचे बोट पेरभर आत जाते, दुसरी नुसते टेकवते. खोल गेलेले बी उशिरा उगवते, वरचेवर राहिलेले पाणी मारताना उघडे पडते. सकाळी कामाला लागलेला हात आणि चार वाजताचा दमलेला हात यांतही फरक. त्या चाळीस ट्रेंत दुसरे काही बिघडलेले नव्हते.

आमचा पुतण्या त्या वेळी घरीच होता. शहराकडे एका कारखान्यात आठ वर्षे तो प्लास्टिकची वेष्टणे बनवणाऱ्या यंत्रावर होता. औषधाच्या गोळ्या, टॉर्चचे सेल ज्या फुगीर पारदर्शक कवचात बसवलेले असतात ती कवचे. कारखान्याने पाळ्या कमी केल्या, हा घरी आला. सहा महिने गुमान बसून होता. जेवायला हाक मारली तर जेवायचा, म्हशीला पाणी दाखव म्हटले तर दाखवायचा. त्या दिवशी टेम्पो गेल्यावर मात्र आपणहून बोलला. "आई, सगळ्या कपांत एकदम सारखा खळगा पाडणारी पाटी करता येईल. ट्रेवर ठेवायची, दाबायची, झालं. मी तसली यंत्रं चालवलीत."

वहिनी काही बोलल्या नाहीत. मी मात्र अडकलो. चाळीस वर्षे लोकांचे पंप आणि मोटारी उघडून बसवण्यात गेली. भंगारातून काही करायचे म्हटले की मला भूक लागत नाही.

आता हे यंत्र काय करते ते सांगतो. पापड भाजताना जसा आधी मऊ पडतो तसे प्लास्टिकचे पान उष्णतेने मऊ करायचे, ते साच्यावर अंथरायचे आणि पानाखालची हवा झटकन काढून घ्यायची. पान साच्याला घट्ट चिकटते. थंड झाले की उचलायचे. साच्याचा आकार पानात उतरलेला असतो. इंग्रजीत याला व्हॅक्यूम फॉर्मिंग म्हणतात. फ्रिजच्या आतले पांढरे अस्तर, मिठाईच्या खोक्यातला खळग्यांचा पत्रा, आपले रोपांचे ट्रे, सगळे याच जातीचे. अमेरिकेत १९६२ साली मॅटेल कंपनीने मुलांच्या खेळण्यातसुद्धा असले छोटे यंत्र काढले होते, हाताने पंप मारायचे. मुलांना जमते ते आपल्याला का जमू नये, असे मी वहिनींना म्हणालो. त्या म्हणाल्या, "मुलांची बोटं भाजली असतील ती कुणी लिहून ठेवली नसतील, भावजी."

बहुतेकांचा एक समज असतो की पोकळी पानाला ओढते. पोकळी काही ओढत नाही. तिला हात कुठे आहेत? वरची हवा दाबते. ज्यांच्या विहिरीवर काठावर बसवलेला पंप आहे त्यांना हे कळायला वेळ लागणार नाही. पाणी वीस-बावीस फुटांच्या खाली गेले की पंप कितीही ताकदीचा असो, पाणी उचलत नाही; मग त्याला आत उतरवावे लागते. कारण पाण्याला वर ढकलते ती बाहेरची हवा, आणि तिची ताकद ठरलेली आहे, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो. हिशोबाने ती पाणी चौतीस फूट चढवील, पण पाइपातली घट, वाफ आणि गळती जाता हाती वीस-बावीसच राहतात. तीच हवा आपल्या पानावर बसते. एक वीत लांब, एक वीत रुंद साचा असला तरी पोतीच्या पोती वर रचल्यासारखा भार पडतो, आणि तोही सगळीकडे सारखा.

ही ताकद मला पुस्तकातून माहीत होती. खरी कळली ती आमच्या पहिल्या प्रयोगात.

घरात दूध काढायचे यंत्र होते. पूर्वी सहा जनावरे होती, आता एक गाय आणि एक म्हैस. यंत्राचा पंप हा हवा काढायचाच पंप असतो, त्यामुळे निम्मे काम झाले असे आम्ही धरून चाललो. पण एकदम हवा काढायची तर आधी एखादी टाकी रिकामी करून ठेवावी लागते, नंतर कॉक उघडला की पानाखालची हवा त्या टाकीत धावते. पंपाने थेट ओढत बसलो तर तोवर पान थंड होऊन ताठ होते. टाकी म्हणून मी गोडेतेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा घेतला, तोंड डाखून बंद केले, नळी जोडली. पुतण्या म्हणाला, "काका, हा टिकायचा नाही." मी म्हणालो, "तेल राहतं त्यात, हवा नाही राहायची?" पंप सुरू केला आणि मिनिटभरात धाडकन आवाज झाला. चारी बाजू आत जाऊन डब्याची बोचकी झाली. नंतर हिशोब केला. डब्याची एक बाजू साधारण आठशे चौरस सेंटिमीटर, निम्मी हवा काढली तरी तिच्यावर चारशे किलो. माझा नातू शेजारी उभा होता. त्याला काही झाले नाही, पण सुनेने दोन दिवस मला चहा आपटूनच दिला. पत्र्याचा डबा, पाण्याचा प्लास्टिकचा पिंप, काचेची बरणी यांतले काहीही या कामाला लावू नका. आणि घरगुती गॅसची टाकीही नाही. ती आपल्या मालकीची नसते आणि तिच्यात गॅस उरलेला असतो. पुढे आम्हाला पंक्चरवाल्याकडे हवेच्या कंप्रेसरची जुनी गोल टाकी मिळाली, पन्नास लिटरची, जाड पोलादाची. आतला गंज झटकला, पाणी काढण्याची तोटी बदलली. ती अजून चालते.

दुसरी चूक पुतण्याची. दुधाच्या यंत्रावर एक नियामक असतो, तो पोकळी ठरावीक आकड्याच्या पुढे जाऊ देत नाही. साधारण पंधरा इंच पारा, म्हणजे निम्मी हवा. पानासाठी जास्त हवी म्हणून याने तो आवळला आणि संध्याकाळी परत सैल करायला विसरला. सकाळी वहिनींनी गायीला कप लावले तर एरवी डोळे मिटून उभी राहणारी गाय लाथ झाडायला लागली. वहिनींनी घड्याळाकडे पाहिले, काटा नेहमीच्या खुणेच्या पुढे. लगेच कप काढले म्हणून निभावले. जास्त ओढीने सडाच्या टोकाला इजा होते आणि मग कासेचा आजार शिरायला वाट मिळते. वहिनी आवाज चढवत नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पंप एक तर गायीचा, नाही तर तुमचा." त्यांचे बरोबर होते. तापलेल्या प्लास्टिकची वाफ आणि लाकडाचा भुसा दुधाच्या नळीत जाण्याचीही भीती होतीच. ज्यांच्या घरी यंत्र मोडीत काढून ठेवले असेल त्यांनी तो पंप खुशाल वापरावा, तो झपाट्याने हवा काढतो. ज्यांच्या कासेला तो रोज लागतो त्यांनी त्याकडे बघूही नये.

मग भंगारात फ्रिजचा कंप्रेसर शोधला. काळा, मडक्यासारखा, फ्रिजच्या मागे तळाशी असतो तो. याची एक बाजू हवा ओढते, दुसरी फेकते. कोणती कोणती ते चालू करून अंगठा लावला की कळते. ओढणारी नळी टाकीकडे न्यायची. मध्ये उलट न जाऊ देणारा व्हॉल्व हवा, नाही तर बंद केल्यावर तेल टाकीत येते. फेकणाऱ्या नळीतून तेलाचे तुषार उडतात, तिच्या तोंडाला चिंधी भरलेली बाटली अडकवा. कंप्रेसर नेहमी उभा ठेवायचा, आणि सुरू करून देणारा रिले त्याच्याबरोबरच भंगारातून मागून घ्यायचा. नंतर शोधत बसलात तर तो मिळायचा नाही.

एक गोष्ट मात्र स्वतः करू नका. फ्रिजची नळी करवतीने कापू नका. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आयसोब्युटेन भरलेला असतो, तो आपल्या चुलीच्या गॅससारखाच पेट घेतो. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडून वायू काढून घ्या आणि मगच कंप्रेसर घरी आणा.

कंप्रेसर दुधाच्या पंपासारखा चपळ नाही. पन्नास लिटरची टाकी पंचवीस इंच पाऱ्यापर्यंत रिकामी करायला आमच्याला सात-आठ मिनिटे लागतात. पण तो दमाचा आहे, खोलवर ओढतो. सतत चालवला तर मात्र तापतो, कारण फ्रिजमध्ये त्याला थंड करणारा वायू इथे नसतो. दोन पाने काढली की त्याला विश्रांती द्यावी, आणि आपणही घ्यावी.

टाकी मोठी का हवी तेही ऐका. आमच्या साच्याखालच्या पेटीत आणि नळीत मिळून सहा-सात लिटर हवा असते. कॉक उघडल्यावर ती पन्नास लिटरच्या टाकीत पसरते आणि काटा पंचविसावरून बाविसावर येतो, म्हणजे फारसे काही गमावले नाही. टाकी दहा लिटरची असती तर काटा पंधराच्या आसपास आला असता. टाकी पेटीच्या सहा-सातपट असावी. नळी आणि कॉक मात्र इंची घ्या. पाव इंची नळी लावून लाख रुपयांचा पंप बसवलात तरी हवा रांगेत उभी राहील.

पेटीचे काम सुताराने एका दुपारी केले. चौदा इंच चौरस, दोन इंच खोल, जाड प्लायवूडची. वरच्या फळीला इंचा-इंचावर बारीक भोके, खालून नळीला वाट, सगळे सांधे फेव्हिकॉल आणि एम-सीलने बुजवलेले. वरच्या कडेला रबराची पट्टी हवी, तिच्यावर पानाची चौकट टेकली की हवा बंद. ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कापून लावली. फ्रिजच्या दाराचे रबर आम्ही आधी लावून पाहिले, ते गरम चौकटीने आठ दिवसांत वितळले. चौकट म्हणजे पाऊण इंची अँगलच्या दोन रिंगणांमध्ये पान धरायचे. बिजागऱ्या, खिट्ट्या असले बरेच करून पाहिले. शेवटी कागद अडकवायच्या मोठ्या काळ्या क्लिपा लागल्या, चारी बाजूंनी मिळून बारा. चौकट चार उभ्या सळ्यांवर वर-खाली सरकते. वर हीटर, खाली पेटी. पान वर तापवायचे, मऊ झाले की चौकट खाली आणायची.

आता उष्णता. इथे माझी समजूत अशी झाली आहे की या यंत्रात पंपाचे कौतुक फार होते आणि हीटरकडे कुणी बघत नाही. पंप जरा कमी-जास्त चालतो. पान एका बाजूला कच्चे आणि दुसऱ्या बाजूला जास्त भाजलेले असले तर ते पान गेलेच.

पुतण्याला आधी पूर्ण ट्रेएवढी पाटी एकदम करायची होती. ९८ कपांचा ट्रे म्हणजे सात बाय चौदा, लांबी साधारण ५४ सेंटिमीटर. तेवढ्या पानाला तीन हजार वॅट लागतात, म्हणजे तेरा अँपियर. आमच्या घरच्या वायरिंगने तिसऱ्या मिनिटाला हात टेकले आणि आळीतला दिवा मिणमिणला. मग वहिनींनीच तोड काढली. "निम्मी पाटी करा ना. सात बाय सात. दोनदा दाबू." आम्हा दोघा हुशारांना हे सुचले नव्हते.

निम्म्या पाटीला दोन हजार वॅट पुरतात. खोली गरम करायच्या जुन्या हीटरमधल्या काचेच्या नळ्या शहरातल्या भंगारात मिळतात, बहुधा चारशे वॅटच्या. तशा पाच घेतल्या. उघड्या तारेच्या शेगडीपेक्षा त्या बऱ्या, कारण वीज वाहणारी तार नळीच्या आत असते. तरीही खाली जाळी लावली आणि सगळ्या लोखंडाला अर्थिंग दिले. गळतीची वीज तोडणारे स्विच बसवल्याशिवाय मी पुतण्याला बटण दाबू दिले नाही. जोडणी वायरमनकडून तपासून घ्या, आणि पंधरा अँपियरच्याच पॉइंटवर चालवा. हीटरच्या पेटीला आतून जुन्या कूलरचा चकचकीत पत्रा ठोकला. कुणी पत्र्याऐवजी घरावरच्या जुन्या सिमेंट-पत्र्याचा तुकडा सुचवील. तो नको. त्यात ॲस्बेस्टॉस असतो आणि कापताना त्याची धूळ छातीत जाते.

पाचही नळ्या सारख्या अंतरावर लावल्या तर मधला भाग आधी तापतो आणि कडा मागे राहतात, कारण कडेची उष्णता बाहेर निसटते. किती मागे राहतात हे कसे कळावे? आम्ही चौकटीत तारेची जाळी धरली, तिच्यावर उडदाचे नऊ पापड मांडले आणि हीटर लावला. मधला पापड फुलून करपला तेव्हा कोपऱ्यातले नुसते वळले होते. कडेच्या नळ्या आणखी बाहेर सरकवल्या, मधल्या दोन्हींमध्ये अंतर वाढवले, परत नऊ पापड. चौथ्या खेपेला नऊही जवळपास एकदम भाजले. वहिनींनी पापडाचा हिशोब ठेवला होता, छत्तीस.

मग व्होल्टेज. एके दिवशी पान दीड-दोन मिनिटांत तयार होई, दुसऱ्या दिवशी चार मिनिटे झाली तरी हले ना. पुतण्या प्लास्टिकवाल्याला शिव्या देऊ लागला. मीटर लावला तर १८० व्होल्ट. मंडळी, व्होल्टेज २३० चे १८० झाले म्हणजे हीटर पाचव्या हिश्शाने कमी पडला असे समजू नका. उष्णता वर्गाच्या हिशोबाने घटते. दोन हजार वॅटचा हीटर सव्वाबाराशेवर येतो. म्हणून घड्याळ लावून काम करू नये, पानाकडे बघावे. तापायला लागले की ते आधी सुरकुतते. मग सुरकुत्या आपोआप जाऊन ढोलाच्या कातड्यासारखे ताणते. त्यानंतर मधोमध झोळ पडू लागतो. झोळ दोन बोटे उतरला की चौकट खाली आणि कॉक उघडा. सुरकुत्यांच्या वेळी घाई केली तर कोपरे उतरत नाहीत. झोळ चार बोटे होऊ दिला तर साच्यावर घड्या पडतात, आणि पान मध्ये पातळ होते ते वेगळेच.

पान कशाचे घ्यावे? हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन, दुकानात हिप्स शीट म्हणतात, दीड मिलिमीटर जाडीचे. हे नवशिक्याला सांभाळून घेते. हात बसेपर्यंत जुन्या फ्रिजच्या दाराच्या अस्तराचे सपाट तुकडे घ्या. त्यात एक मौज दिसेल. कारखान्यात एकदा ताणलेले हे प्लास्टिक तापले की आपले जुने रूप आठवते आणि आखडायला लागते, क्लिपा घट्ट नसतील तर चौकटीतून निसटते. पण त्याच गुणाने आपले बिघडलेले पान पुन्हा तापवले की बरेचसे सपाट होते आणि पुन्हा वापरता येते. पाण्याच्या पाइपचे किंवा फ्लेक्सचे तुकडे मात्र कधीही तापवू नका. ते पीव्हीसी, जळाले तर आम्लाचा धूर होतो आणि तो थेट फुप्फुसात जातो. हिप्ससुद्धा जास्त तापले तर उग्र वास येतो आणि पेटले तर काजळी ओकत जळते. म्हणून यंत्र पडवीत किंवा उघड्या गोठ्यात ठेवावे, कडब्यापासून लांब. शेजारी वाळूची बादली. विजेवर पाणी ओतायचे नाही हे मी सांगायला नको, तरी सांगतो.

राहिला साचा, आणि साचा नातवाने दिला. दिला म्हणजे मी त्याच्याकडून घेतला. ट्रेवर कागद ठेवून प्रत्येक कपाचा मध्य टाचणीने उतरवला; दुकानदाराच्या मापावर भरवसा न ठेवता आपल्याच ट्रेचे माप घ्यावे. आठ मिलिमीटर जाड प्लायवर त्या एकोणपन्नास खुणांवर पाच सुती, म्हणजे सोळा मिलिमीटरचे गिरमिट चालवून आरपार भोके पाडली. ती फळी दुसऱ्या फळीवर चिकटवली. प्रत्येक भोकात एक काचेची गोटी. गोटी सोळा मिलिमीटरची, भोक आठ खोल, म्हणजे निम्मी गोटी वर राहते. आठ मिलिमीटर उंच घुमट तयार, बी जेवढे खोल जायला हवे नेमके तेवढा. गोट्या दिसतात सारख्या पण नसतात. कॅलिपरने मोजून शंभरांतून निवडाव्या लागल्या.

या गोट्यांची खरी करामत वेगळीच आहे. मऊ पान साच्यावर बसताना सर्वांत शेवटी घुमटाच्या पायथ्याशी पोचते, आणि हवा अडकते ती तिथेच. म्हणून साच्याला पायथ्याशी बारीक भोके पाडावी लागतात, एक मिलिमीटरची. मोठी पाडली तर त्यांचे व्रण पानावर उठतात. गोटी आणि भोक यांच्या मधली केसभर फट आपोआप नेमकी त्या जागी येते. फक्त गोटी चिकटवताना चहूकडून न चिकटवता दोन-तीन ठिकाणी थेंब लावायचा आणि प्रत्येक भोकाच्या तळाशी खालच्या फळीतून एक बारीक छिद्र काढायचे. साच्यावर टाल्कम पावडर चोळली की पान सुटायला त्रास देत नाही. दुसरा एखादा साचा लाकडाचा केलात तर बाजू सरळ उभ्या ठेवू नका, वर निमुळत्या होत जाऊ द्या, वाळूचा किल्ला करायच्या बादलीसारख्या. बाजू आतल्या बाजूला कललेली असली तर पान साच्याला असे धरते की दोन्हींपैकी एक मोडूनच सुटते.

पहिली सात पाने वाया गेली. आठवे उतरले. कॉक उघडल्याबरोबर फट् असा आवाज झाला आणि सपाट पानावर एकोणपन्नास डोकी एकदम उभी राहिली. मी हिशोब करून ठेवला होता की या क्षणी साच्यावर पाचशे किलोच्या वर भार पडतो; पण हिशोब कागदावर असतो. पुतण्याने कारखान्यात अशी लाखो कवचे काढली असतील. तरी तो बराच वेळ ते पान हातात धरून उन्हाकडे बघत उभा राहिला. मी काही विचारले नाही.

पानाच्या मागे प्लायची फळी आणि जुन्या दरवाजाची मूठ स्क्रूने बसवली. आता बायका ट्रे भरतात, पाटी दोनदा दाबतात, अठ्ठ्याण्णव खळगे तयार. कोकोपीट फार कोरडे असेल तर खळगे ढासळतात आणि फार ओले असेल तर पाटीला चिकटून वर येतात, हे त्यांनीच आम्हाला शिकवले. पुढच्या खेपेची मिरचीची रोपे एका उंचीची आली. बियाणे वाईट असेल तर ही पाटी काही करू शकत नाही, तेही सांगून ठेवतो. त्याच खेपेत एका पाकिटाची उगवण निम्मीच झाली.

गावात बातमी पसरल्यावर सल्ले येऊ लागले. एकाने सांगितले, रोपांचे ट्रेच करून विका. तो ट्रे खोल असतो. असे खोल कप उतरवायला वरून ढकलणारे ठोकळे आणि वेगळा साचा लागतो, आणि कारखाना हजारोंनी काढतो त्या भावात आपल्याला कच्चे पानसुद्धा मिळत नाही. दुसऱ्याने सांगितले, लग्नसराई आहे, द्रोण-वाट्या काढा. राज्यात २०१८ पासून आणि देशभर १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या ताटवाट्यांवर बंदी आहे. शिवाय भंगारातल्या प्लास्टिकमध्ये अन्न वाढायचे नाही, मग कायदा असो वा नसो. पुतण्याने ते सगळे ऐकून घेतले आणि बाजारात मिळत नाहीत अशाच दोन-तीन गोष्टी केल्या. शेजाऱ्याच्या मोटारीच्या पेटीचे फुटलेले झाकण, मधमाशीच्या पेटीत साखरेचे पाणी ठेवायची उथळ ताटली, आणि अंगणातल्या सिमेंटच्या लाद्यांसाठी वेलबुट्टीचा साचा. झाकण ज्याचे त्याला फुकट दिले. लाद्यांच्या साच्याला गिऱ्हाईक आले आहे.

ज्याने चाळीस ट्रे नाकारले होते तो माणूस मागच्या महिन्यात पुन्हा आला. ट्रे पाहिले, काही न बोलता टेम्पोत भरू लागला. जाताना त्याने काकडीची रोपे मागितली. काकडीला मोठे कप लागतात, पन्नासाचा ट्रे, आणि खळगाही मोठा. वहिनींनी त्याच संध्याकाळी पुतण्यासमोर पन्नासाचा रिकामा ट्रे आणून ठेवला. माझा नातू आता गोट्यांचा डबा उशाशी घेऊन झोपतो.